कॅटालिना २२ ट्रेलरवर नेण्याआधी डोलकाठी आणि ताणतारा कशा उतरवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये जुनी, कील (तळाखालचं वजनदार पातं) वर उचलता येणारी कॅटालिना २२ ही शिडाची बोट घेतली आहे, हंगाम संपला की ट्रेलरवरून घरी न्यायची आहे, डोलकाठी याआधी कधी उतरवलेली नाही आणि हाताशी दोनच माणसं आहेत. काठीला उभी धरणाऱ्या ताणतारांपैकी कुठली तार आधी सोडायची, आणि जिन पोल (काठी उतरवताना दोरीला उंची देणारा तात्पुरता दांडा) लागतोच का?

दोघांना हे काम जमतं. जिन पोलबद्दल माझं स्पष्ट मत असं की तिसरा माणूस नसेल तर जिन पोलशिवाय सुरुवातच करू नका. का, ते खाली हिशेबासकट लिहितो. पहिल्या खेपेला किमान दोन तास हाताशी ठेवा आणि संध्याकाळ होत आलेली असताना हे काम काढू नका.

सगळ्यात आधी वर बघा. २५ फुटांची ॲल्युमिनियमची काठी ट्रेलरवरच्या बोटीवर उभी असते तेव्हा तिचं टोक जमिनीपासून ३० फुटांच्याही वर जातं. रस्त्याकडेच्या खांबांवरच्या उच्चदाबाच्या तारांवर आवरण नसतं, आणि काठी नुसती टेकलीच पाहिजे असं नाही, पुरेशी जवळ गेली तरी पुरे. बोट उभी कराल तिथून काठी कोणत्याही बाजूला आडवी पडली तरी तारेपासून लांब राहील अशी जागा निवडा. माझा नियम असा की काठीच्या दुप्पट अंतरात, म्हणजे ५० फुटांत, वर काही नको. बोट रॅम्पवरून बाहेर काढल्यावर काठी उभी ठेवूनच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेणं टाळा. न्यावीच लागली तर एक जण आधी तो रस्ता वर बघत चालून यायला हवा.

जमीन सपाट हवी. ट्रेलर गाडीला जोडलेला राहू द्या आणि चाकांना ठोकळे लावा. ट्रेलर सुटा असताना दोघं बोटीच्या मागच्या टोकाला गेलात तर त्याचं नाक वर उचललं जातं, आणि नेमकी त्याच वेळी काठी अर्धवट झुकलेली असते. कील पूर्ण वर घेऊन ट्रेलरवर टेकलेली असू द्या. छत वर उचलणारं मॉडेल असेल तर छत खाली बसवून खिट्ट्या लावा आणि केबिनचं सरकतं झाकण बंद ठेवा, नाहीतर त्यातच पाय जातो. वारा १० नॉटच्या वर असेल तर थांबा. त्याहून कमी असला तरी आडवा नको, बोटीचा रोख वाऱ्याच्या रेषेत ठेवा.

आता ताणतारांचा नकाशा. या बोटीला आठ आहेत: पुढे फोरस्टे, मागे बॅकस्टे, दोन्ही बाजूंना टोकापर्यंत जाणारे दोन वरचे श्राउड (बाजूच्या तारा), आणि स्प्रेडरपाशी (काठीवरच्या, तारा बाहेर ताणणाऱ्या आडव्या दांड्यांपाशी) संपणारे चार खालचे श्राउड, त्यांतले दोन काठीच्या पुढे आणि दोन मागे बांधलेले. बॅकस्टे काही बोटींवर खाली दोन फाट्यांत विभागलेला असतो. काठी केबिनच्या छतावरच्या स्टेपमध्ये (बुडाच्या बैठकीत) आडव्या बोल्टवर बसते आणि त्याच बोल्टभोवती मागे झुकते. मागे झुकताना कुठली तार आवळते आणि कुठली सैल पडते, एवढं डोक्यात पक्कं बसलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

काठी मागे जायला लागली की तिच्या पुढच्या तारा आवळतात. म्हणून फोरस्टे आणि पुढचे दोन खालचे श्राउड सोडावेच लागतात. मागचे खालचे श्राउड आणि बॅकस्टे सैल पडतात, ते काठी खाली टेकेपर्यंत तसेच असू द्या. चुकून काठी पुढे गेली तर तेच अडवतात. राहिले वरचे दोन श्राउड. लोक समजतात की ते आहेत म्हणजे काठी बाजूला पडणार नाही. काठी सरळ उभी असताना ते खरं आहे. झुकू लागली की मुळीच खरं नाही, आणि या कामातलं बहुतेक नुकसान याच गैरसमजातून होतं.

कारण साधं आहे. श्राउड ज्या चेनप्लेटला बांधलेले आहेत ती बाजूच्या डेकवर आहे. काठीचा बोल्ट छतावर आहे, म्हणजे तिच्यापेक्षा वर. ढोबळ आकडे घ्या: काठी २५ फूट, बोल्ट चेनप्लेटपेक्षा १ फूट उंच, चेनप्लेट मध्यरेषेपासून साडेतीन फुटांवर. काठी उभी असताना वरच्या श्राउडला जेवढी लांबी लागते, त्यापेक्षा काठी ४५ अंशांत आली की सव्वातीन इंच कमी लागते. सव्वातीन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण लांब तारेत एवढी ढील आली की काठीचं टोक दोन्ही बाजूंना दीड फुटाहून जास्त झुलू शकतं. तो सगळा पीळ खाली आडव्या बोल्टवर आणि स्टेपच्या पट्टीवर येतो. बोल्ट वाकतो, पट्टीला भेग जाते, छतात गेलेले स्क्रू हलतात आणि पुढच्या पावसात तिथून पाणी आत उतरतं. काठी निसटून कोणाच्या अंगावर येण्याचे प्रकारही सहसा याच मधल्या टप्प्यात घडतात. ती सरळ मागे पडत नाही, मागे जाताजाता बाजूला घसरते.

यावर उपाय म्हणजे तात्पुरत्या बाजूच्या ताणदोऱ्या. काठीवर साधारण ८ फुटांवर दोन्ही बाजूंना एकेक दोरी बांधा, आणि तिचं खालचं टोक बोल्टच्या अगदी रेषेत, बोल्टच्याच उंचीवर अडकवा. तिथे तार अडकवली तर काठी कितीही झुकली तरी अंतर बदलत नाही, दोरी कायम ताठ राहते. पण तिथे अडकवायला काही नसतं. म्हणून पुढच्या आणि मागच्या खालच्या श्राउडच्या चेनप्लेटना एकेक छोटी तार किंवा न ताणणारी दोरी लावून त्या दोन्ही एका स्टीलच्या कडीत आणतात. तिसरी मधल्या चेनप्लेटवरून. वरच्या दोरीनं कडी ओढली गेली की तिन्ही ताठ होतात आणि कडी बरोबर बोल्टच्या पातळीला येऊन थांबते. लांबी एकदाच नीट जुळवावी लागते, पुढे वर्षानुवर्षं तोच संच वापरता येतो. नायलॉन वापरू नका, ते ताणतं. कमी ताणणारी पॉलिएस्टरची दोरी चालते.

जिन पोलचं गणितही एकदा बघून घ्या. समजा काठी ताणतारांसकट २५ किलोची आहे, बोल्टपासून बोटीचं पुढचं टोक ८ फुटांवर आणि बोल्टपेक्षा फूटभर खाली आहे. काठी मागे घोडीवर १० अंशांत टेकली असताना फक्त काठीच्या टोकाला बांधलेल्या दोरीनं ती पुढून सावरायची म्हटली, तर त्या दोरीत हजार किलोच्या घरात ताण येतो, कारण दोरी बोल्टच्या केवळ तीन-चार इंच वरून जाते. काठी ६-७ अंशांच्याही खाली गेली की दोरी बोल्टच्या खालून जाऊ लागते. मग ओढलं तरी काठी उचलली जात नाही, उलट खालीच दाबली जाते. म्हणून जिब हॅलियर्ड (पुढचं शीड वर चढवायची दोरी) नुसता हातात धरून काठी सोडणाऱ्यांच्या हातून शेवटच्या टप्प्यात ती सुटते. माणूस अशक्त असतो म्हणून नव्हे, तिथे कितीही जोर लावला तरी उपयोगच नसतो.

जिन पोल म्हणजे काठीच्या बुडाशी, काठीला काटकोनात पुढे रोखलेला साधारण साडेसहा फुटांचा दांडा. दोन इंची ॲल्युमिनियमची नळी घ्या किंवा स्पिनाकर या फुगणाऱ्या शिडाचा दांडा चालेल. काठीच्या वरच्या भागातून आलेली दोरी त्याच्या टोकाला बांधायची आणि तिथून पुढच्या टोकापर्यंत ४ पट फायदा देणारी कप्पी लावायची. काठी आडवी होते तेव्हा दांडा उभा राहतो, दोरीला कोन मिळतो, आणि वरच्याच आकड्यांत ताण ६५ किलोवर येतो. कप्पीतून हाताला घर्षण धरून वीस किलोच्या आसपास. हे एक माणूस आरामात सांभाळतो. मेनशीटची (मोठं शीड आवरायच्या दोरीची) कप्पी बूमवरून (त्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून) सोडून इथे वापरता येते, तिला दोरी पकडणारा क्लीट आधीच असतो. फक्त दोरी पुरेशी लांब आहे ना ते मोजा. दांड्याच्या टोकालाही दोन्ही बाजूंनी दोऱ्या लागतात, त्या त्याच दोन कड्यांना बांधा. नाहीतर दांडाच बाजूला लवंडतो आणि सगळी व्यवस्था निकामी होते.

मागची घोडी, म्हणजे काठी टेकायचा खांब, सुकाणू काढून त्याच्याच बिजागऱ्यांत बसवतात. तिच्या माथ्यावर रबरी रोलर असावा. काठी पूर्ण आडवी होण्याच्या आधीच, दहाएक अंशांत टेकेल इतकी ती उंच ठेवा. उंच घोडीचा फायदा परत उभं करताना जास्त कळतो.

आता सोडण्याचं काम. शिडं उतरवून घडी घाला, शिडांतल्या पट्ट्या काढा. बूम गूसनेकपासून (काठीशी जोडणाऱ्या सांध्यापासून) सोडून केबिनमध्ये ठेवा, तो काठीला लटकत राहता कामा नये. काठीच्या बुडाशी दिव्याच्या वायरचं जोडणं असतं, ते सोडा. हे विसरून काठी झुकवली की वायर डेकमधून उपटून येते. शेंड्यावर रेडिओचा अँटेना किंवा वाऱ्याचा बाण असेल तर घोडी किंवा जमिनीला काय लागेल याचा अंदाज आधीच घ्या. सगळे हॅलियर्ड खाली बांधून टाका, एकही टोक मोकळं नको.

टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) फिरवण्याआधी प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंच्या उघड्या आट्यांची लांबी मोजून कागदावर लिहा, किंवा आट्यांवर चिकटपट्टीची खूण करा. वसंतात काठी उभी केल्यावर ताण परत जुळवायचे श्रम यानं वाचतात. आणि सगळे टर्नबकल फिरवायची गरजही नसते. बॅकस्टेचा आणि पुढच्या दोन खालच्या श्राउडचे, एवढे तीनच ढिले करा. फोरस्टे वगळता बाकीच्या तारा काठी खाली आल्यावर आपोआप सैल पडतात, त्यांची नुसती पिन काढायची. स्टीलच्या टर्नबकलमध्ये स्टीलचाच स्क्रू असेल तर कोरडा फिरवू नका. आटे घर्षणानं एकमेकांत चिकटून बसतात आणि मग कापण्याशिवाय इलाज राहत नाही. लॅनोलिनचं ग्रीस आधी लावा. फिरवताना तारेकडचा स्क्रू पक्कडीनं धरून ठेवा, नाहीतर तारेचा पीळ उलगडतो.

यानंतरचा क्रम मात्र जसाच्या तसा पाळा. बाजूच्या दोऱ्या आणि जिन पोल लावून कप्पी ताठ करा, क्लीटमध्ये अडकवा आणि वर दोरीची एक साधी गाठही मारा. त्याशिवाय जिब हॅलियर्डचं शॅकल पुढच्या टोकाच्या फिटिंगला अडकवून तेही ताठ करा. आता काठी पुढून दोन वेगवेगळ्या दोऱ्यांनी धरलेली आहे. बॅकस्टे ढिला करा. पुढचे दोन श्राउड सोडा. फोरस्टेची पिन सर्वांत शेवटी. ती हातानं सहज निघाली पाहिजे. हातोडीनं ठोकावी लागत असेल तर फोरस्टेमध्ये अजून ताण आहे, म्हणजे हॅलियर्ड किंवा कप्पी पुरेशी ओढलेली नाही. ठोकू नका, आधी ओढा.

एक जण पुढच्या डेकवर कप्पी सोडणार, दुसरा कॉकपिटमध्ये, काठी येईल त्या रेषेच्या थोडा बाजूला उभा राहून हात वर करून तिला घेणार. काठीच्या थेट खाली उभं राहायचं नाही. हॅलियर्ड सैल सोडा, काठीला मागे हलका धक्का द्या आणि कप्पी हळूहळू सोडत जा. हातमोजे घाला. पहिले वीस अंश काठी अगदी हलकी लागते, त्याच भरात दोरी भराभर सोडली जाते. ४५ अंशांवर मुद्दाम थांबा आणि दोन गोष्टी बघा: बाजूच्या दोऱ्या ताठ आहेत ना, आणि सैल पडलेल्या श्राउडचे टर्नबकल चेनप्लेटमध्ये आडवे अडकलेले नाहीत ना. असे अडकलेले टर्नबकल उतरवताना निभावून नेतात, पण काठी परत चढवताना त्यांचे स्क्रू वाकतात. वाकलेला स्क्रू सरळ करून पुन्हा वापरायचा नाही, बदलायचाच.

काठी घोडीवर टेकली की बॅकस्टे, मागचे श्राउड आणि वरचे श्राउड यांच्या पिना काढा. काढलेली प्रत्येक पिन त्याच टर्नबकलमध्ये परत घालून वर कॉटर (पिन निसटू नये म्हणून घालायची बारीक पिन) अडकवा. डब्यात गोळा करून ठेवलेल्या पिना वसंतात एकमेकींत मिसळतात. कॉटर पिना नव्या आणा, वाकवून सरळ केलेली कॉटर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुटतेच. तुमच्या मापाच्या चार जादा क्लेव्हिस पिना (तारा अडकवणाऱ्या मुख्य पिना), डझनभर कॉटर आणि बुडाचा एक जादा बोल्ट नट घेऊन ठेवा. पिना खडीत पडल्या की सापडत नाहीत, म्हणून खाली एखादी जुनी चादर पसरा.

मग बुडाचा बोल्ट काढा. दोघांनी काठी पुढे सरकवायची: घोडीच्या रोलरवरून ती सरकते, एकानं बूड उचलून पुढच्या पुलपिटवर (बोटीच्या नाकावरच्या कठड्यावर) आणायचं. तिथे लाकडाचा खाचा केलेला ठोकळा बांधलेला असला की बरं. स्प्रेडर काढणार असाल तर डावा-उजवा अशी खूण करा. त्यांची टोकं किंचित वर वळलेली असतात, म्हणजे तार आत-बाहेर सारख्या कोनात वळते, आणि बाजू बदलली तर तो कोन बिघडतो.

फर्लर (पुढचं शीड फोरस्टेभोवती गुंडाळायचं साधन) असेल तर काम वाढतं. त्याची लांब ॲल्युमिनियमची पट्टी सहज वाकते आणि एकदा वाकली की शीड त्यात सरकत नाही. फोरस्टे सोडल्यापासून एका हातानं त्याचा ड्रम धरून ठेवावा लागतो, आणि इथे तिसरा माणूस खरोखर हवाच. खाली आल्यावर ती पट्टी काठीला लगटून दर तीन-चार फुटांवर बांधा.

काठी हाताच्या उंचीवर आलीच आहे तर तारा तपासून घ्या. प्रत्येक तार १९ बारीक तारांची असते. जुन्या सुती फडक्यानं वरपासून खालपर्यंत पुसत न्या, विशेषतः दोन्ही टोकांना जिथे ती फिटिंगमध्ये दाबलेली आहे तिथे. फडकं अडकलं तर एक तरी बारीक तार तुटलेली आहे आणि ती पूर्ण ताणतार बदलायला हवी. तुटलेली एकच आहे म्हणून आणखी एक हंगाम काढू नका. फिटिंगवर उभी भेग किंवा तांबूस रेघ दिसली तरी तेच. स्प्रेडर काठीला जिथे जोडलेले आहेत ती जागाही नखानं चाचपा.

बांधताना काठीला तीन आधार द्या: पुलपिट, मधे छतावर आणि मागे घोडी. फक्त दोन टोकांवर ठेवलेली काठी खड्ड्यात मधोमध नाचते. प्रत्येक आधारावर जुन्या गालिच्याचा तुकडा घाला. तारा काठीबरोबर पाच-सहा ठिकाणी कापडी पट्ट्यांनी आवळा, टर्नबकलांना फडकं गुंडाळा, नाहीतर दोनशे मैलांत ते डेकवर चरे पाडतात. काठी बोटीला बांधा आणि बोट ट्रेलरला. काठी थेट ट्रेलरला बांधू नका, कारण बोट ट्रेलरवर थोडी हलतेच आणि ते झटके मग काठीला बसतात. ताणणारे रबरी पट्टे एकट्याच्या भरवशावर नकोत. बोट साडेएकवीस फुटांची आणि काठी २५ फुटांची, म्हणजे ती मागे थोडी बाहेर राहणारच. ४ फुटांहून जास्त बाहेर गेली तर बऱ्याच राज्यांत लाल फडकं आणि रात्री लाल दिवा सक्तीचा आहे. कमी असलं तरी फडकं लावा, मागच्या गाडीला काठीचं टोक समोरून नाण्याएवढंच दिसतं. बोटीची रुंदी ७ फूट ८ इंच आहे, त्यामुळे रुंदीसाठी वेगळा परवाना लागत नाही.

पुण्या-मुंबईकडे खडकवासल्याला वगैरे डिंगी (लहान शिडबोटी) चालवणारे वाचत असतील तर यातलं बरंच तुम्हाला लागू नाही. ऑप्टिमिस्ट आणि लेझरला ताणतारा नसतातच. पकड सोडायची आणि काठी उपसून घ्यायची, लेझरची तर दोन तुकड्यांत निघते. एंटरप्राइजसारख्या बोटीत मात्र एक लक्षात ठेवा: ताणलेला जिब हॅलियर्ड सोडला की काठी पुढून फक्त बारीक फोरस्टेवर राहते. म्हणून एकानं काठी दोन्ही हातांनी धरल्याशिवाय दुसऱ्यानं फोरस्टेला हात लावायचा नाही. आणि काठी सरळ वर उचलून बाहेर काढायची, तिरकी केली की डेकची कड फुटते.

तुम्ही निघाल तेव्हा पहिल्या दहा मैलांवर गाडी थांबवा. तोवर पट्टे बसतात आणि हमखास थोडे ढिले झालेले असतात. सगळे पुन्हा आवळा, घोडीचा खांब बिजागरीत घट्ट आहे ना ते हलवून बघा, आणि काठीच्या मधल्या आधाराखालचा गालिचा सरकलेला नाही याची खात्री करा.